गाळाची रेघ

भविष्यनिर्वाह निधी हाती आला आणि आम्हांस जुन्या, आलिशान एसयूव्हीचा मोह पडला. रंग झळाळता, आसने चामड्याची आणि किंमत नव्या लहान गाडीएवढी! सोबतच्या वृद्ध मिस्त्रींनी मात्र सीटबेल्ट मुळापर्यंत ओढला. तेथे वाळलेल्या गाळाची रेघ होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर बुडालेल्या गाड्या दुरुस्त करताना ही खूण ते शिकले होते.

"सर, वायरी आज चालतील, उद्या गंजतील. जुन्या गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही."

आम्ही मुकाट्याने किल्ली परत केली. मिस्त्रींनी मेहनताना घेतला नाही. परतीच्या एसटीचे तिकीट तेवढे आम्हांस काढू दिले.