पुठ्ठ्याचा मुकुट, प्लास्टिकचा टोप

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना वाटेत आमचं अड्याळ लागतं. दिवाळी सरली की या भागात गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री दंडारीचं लोकनाट्य असतं, नाहीतर नाटक. दंडारीतले मुकुट आमच्या घरी मोठे बाबा करायचे. पुठ्ठ्याची पट्टी डोक्याच्या मापाने वाकवायची, मैद्याची खळ लावून रद्दीचे थर चढवायचे, उन्हात वाळवायचं आणि वरून बेगड. टिकल्या फक्त समोरून. मागच्या बाजूच्या बातम्या खुशाल वाचता यायच्या. राजाला मागून कोण बघतो?

बारकावे नव्हते असं नाही, ते अंतर ओळखून केलेले असत. पेट्रोमॅक्सच्या उजेडात लांबून नक्षी दिसत नाही, चमक दिसते. म्हणून मोठे बाबा बेगडाला मुद्दाम सुरकुत्या पाडत. सपाट बेगड एकदाच लखलखतं. चुरगळलेलं असलं तर मान हलताच घडीघडीतून उजेड फिरतो. "लोकायले राजा दिसला पायजे, मुकुट नाही," ते म्हणत. मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं. राजेपण यायचं ते नटाच्या आवाजातून.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पुढे धरणाच्या कामावरची टाकून दिलेली पिवळी हेल्मेटं कुठून कुठून गावात आली आणि त्यातलं एक सेनापतीच्या डोक्यावर गेलं. त्याला दाराचा उरलेला ऑइलपेंट फासला होता. सापाने कात टाकावी तसा तो रंग भर प्रवेशात सेनापतीच्या खांद्यावर उतरला. ही हेल्मेटं बहुधा पॉलिइथिलीनची असतात. त्या प्लास्टिकला मुळात काही चिकटवूनच घ्यायचं नसतं, रंगही नाही आणि खळही नाही. (कामावर वापरायचं हेल्मेट तर रंगवूच नये, रंगातल्या द्रावकाने काही प्लास्टिकं कमजोर होतात.)

आता आमच्या या भागातली, म्हणजे झाडीपट्टीतली, नाटकं वडसा इथल्या मंडळ्यांच्या तारखा धरून ठरतात, रात्रभर चालतात, आणि या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पोशाख भाड्याने येतात. माझ्या हाती मुकुट उरला नव्हता. यंदा नातीला स्नेहसंमेलनात शिपाई व्हायचं होतं, म्हणून नागपूरच्या इतवारीतून प्लास्टिकचा टोप आणला. सोनेरी, गुळगुळीत आणि अगदीच खेळण्यातला.

आधी तो भांड्यांच्या साबणाने धुतला. वस्तू साच्यातून सहज सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा अंगावर राहतो आणि प्रायमर तिथेच दगा देतो. मधला जोड वॉटरपेपरने घासला, एम-सीलच्या बारीक गोळ्या दाबून रिबिटं केली. प्रायमरवर काळा मॅट स्प्रे, तोही पातळ हातांनी, कारण एकाच दमात जाड मारला तर ओघळ येतात. मग खरी मजा. ब्रशवर चांदीचा रंग घ्यायचा, कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा आणि उरलेला फक्त उंचवट्यांवर फिरवायचा. खोलगट जागा काळ्याच राहतात आणि प्लास्टिकला वजन येतं. शेवटी पाणी घातलेला तपकिरी ॲक्रिलिक फासून चिंधीने पुसला, की सांदीकोपऱ्यात मळ बसतो.

गंज कुठे दाखवायचा हे शिकायला मी लांब गेलो नाही. आमच्या गोठ्यावरच्या टिनांकडे पाहिलं. पावसाळ्यांनी प्रत्येक खिळ्याखाली तांबूस ओघळ ओढलाय, वर रुंद, खाली निमुळता. रिबिटांखाली तेच काढलं. वार मात्र डाव्या अंगाला दाखवला, समोरचा उजव्या हाताने मारतो म्हणून. मोठ्या बाबांनी सारा जन्म नव्याकोऱ्या सोन्याचा भास करण्यात घालवला. मी नव्या वस्तूला जुनी, मळकी, मार खाल्लेली करत बसलोय. कारण आता मोबाइल नाकाजवळ येतो, मागूनही फोटो काढतो. मुलं त्यापुढे मुकी उभी राहतात, म्हणजे बोलायचं सगळं टोपानेच. मला मोठ्या बाबांची रीत अजूनही मोठी वाटते, पण ब्रश हातातून सुटत नाही.

नातीच्या वाट्याला एकच संवाद आहे आणि तो ती सकाळपासून अंगणात ओरडून म्हणते आहे. डाव्या कानपट्टीची पट्टी सुटली आहे, ती एम-सीलने बसवायची तर घट्ट व्हायला तास-दीड तास लागेल. टोप डोक्यावरून उतरवायला ती तयार नाही.