वाचलेला वेळ कोणाचा?

वाचकहो, आपल्या स्वयंपाकघरातील फडताळात सध्या एक मोठा, चकचकीत डबा असण्याची शक्यता बरीच आहे. पुण्याहून किंवा हैदराबादहून सुट्टीला आलेल्या मुलाने तो आणलेला असतो. डब्यावर धावणाऱ्या माणसाचे चित्र असते. आत व्हॅनिलाच्या वासाची भुकटी आणि प्लास्टिकचा एक चमचा. ‘सकाळी फिरून आलात की नाश्त्याऐवजी एक पेला घ्या, करत बसायला नको,’ असे सांगून मुले परत जातात आणि तो डबा पिशवीत घालून आपण माझ्यासारख्या डॉक्टरकडे येता. प्रश्न एकच असतो : ‘डॉक्टरसाहेब, हे घेतले तर चालेल का? वेळ वाचतो म्हणतात.’

मी नांदेडमध्ये गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवतो. आहारतज्ज्ञ नाही, एम.बी.बी.एस. झालेला साधा फॅमिली डॉक्टर आहे. या प्रश्नाचे माझे उत्तर पूर्वी फार सोपे होते. ‘चालेल’ म्हणायचे आणि पुढचा रुग्ण बोलवायचा. ते उत्तर मी का बदलले, हे आज आपल्याला सांगावयाचे आहे. कारण त्यात एक चूक माझी स्वतःचीही आहे.

प्रथम वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे मांडू. भुकटी मोजणे, ढवळणे आणि पेला धुणे यांस पाच मिनिटे लागतात. उपमा किंवा धिरडी करायची तर चिरणे, परतणे, वाढणे आणि भांडी घासणे यांत अर्धा तास सहज जातो. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे वाचतात, हे खरे आहे. परंतु जेवणाच्या जागी काही घ्यायचे, तर त्यात जेवणाचे काम करण्याची ताकद हवी. बाजारातील सारखे दिसणारे डबे तीन वेगवेगळ्या जातींचे असतात. एक, जेवणाला पर्याय म्हणून केलेली भुकटी. तिच्यात प्रथिने, पिष्ट, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वे यांचा मेळ घातलेला असतो. दुसरी नुसती प्रथिनांची भुकटी. ती जेवण नव्हे. तिसरी दुधात घालायची माल्टची, बऱ्याच साखरेची. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘आरोग्य पेय’ या सदरातून काढण्यास सांगितले, कारण अन्न सुरक्षा कायद्यात ‘आरोग्य पेय’ अशी व्याख्याच नाही. तेव्हा डब्यावरचे मोठे अक्षर वाचू नका. मागच्या बाजूचा बारीक अक्षरांतील तक्ता नातवाकडून वाचून घ्या : एका पेल्यात उष्मांक किती, प्रथिने किती, साखर किती.

आता माझ्या एका रुग्णाची हकिकत. सेवानिवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट, बारा वर्षांचा मधुमेह. रोज पहाटे गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाणारे, शिस्तीचे गृहस्थ. मुलीने डबा पाठवला. गुरुजींनी नाश्त्याच्या दोन पोळ्या बंद करून पेला सुरू केला आणि चालणे वीस मिनिटांनी वाढवले. वाचलेला वेळ व्यायामाला दिला, असा त्यांचा सरळ हिशेब होता. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र पूर्वीइतकीच चालू राहिली. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळले. शेजाऱ्यांनी अर्धांगाचा झटका समजून त्यांना माझ्याकडे आणले. रक्तातील साखर चोपन्न होती. साखरेचे पाणी दिल्यावर पंधरा मिनिटांत ते सावरले.

यात दोष भुकटीचा नव्हता. गोळीचे प्रमाण पोळ्यांच्या हिशेबाने ठरलेले होते. पिष्ट कमी झाले, श्रम वाढले, गोळी तेवढीच राहिली. पेल्याने जेवणाची जागा घेण्याचा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये ग्लासगो आणि न्यूकॅसल येथील विद्यापीठांच्या डॉक्टरांनी केला. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तीन ते पाच महिने जवळजवळ केवळ अशा पेल्यांवर राहिलेल्या मधुमेहींपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षअखेर औषधांशिवाय आटोक्यात होता. हा निकाल मोलाचा आहे. परंतु त्या लोकांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवली होती, मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि वय वीस ते पासष्ट होते. आपल्या गुरुजींना यांतले काहीच लागू नव्हते.

औषधांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात असू द्या. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घेणाऱ्यांनी असा पेला लगेच घेऊ नये. त्यातील कॅल्शियम आणि लोह गोळीला शरीरात शिरू देत नाहीत; चार तासांचे अंतर हवे. आणि जुना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर प्रथिने वाढवण्यापूर्वी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. मूत्रपिंड थकलेले असेल, तर किती प्रथिने घ्यावीत हे डॉक्टरांनीच ठरवले पाहिजे.

आता माझ्या घरचे सांगतो. माझी आई लातूरला गंजगोलाईच्या मागील जुन्या घरात थोरल्या भावाकडे राहते. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया होऊन ती दहा दिवस रुग्णालयात होती. घरी आली तेव्हा वजन त्रेचाळीस किलो भरले. दातांची कवळी सैल झालेली, भाकरी चावेना. मी नांदेडहून डबा घेऊन गेलो आणि वहिनींना सांगितले, ‘दोन्ही जेवणांच्या जागी एकेक पेला द्या. तुमचाही वेळ वाचेल.’ वहिनींचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. पुतण्या वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीला सकाळी जातो, त्याचा डबा; मग भाऊ दुकानात जाणार, त्याचा डबा; मग आईचे अंघोळ-पाणी. आपण काही उपकाराची गोष्ट सांगितली, असे मला वाटले.

सहा आठवड्यांनी गेलो. आईला काट्यावर उभे केले. साडेचाळीस किलो.

मी चक्रावलो. क्षयापासून कर्करोगापर्यंत सगळे मनात येऊन गेले. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, सगळे ठीक. मग जे पहिल्या दिवशी विचारावयास हवे होते ते विचारले : ‘वहिनी, पेल्यात चमचे किती घालता?’

‘दोन, भावजी. पाण्यात.’

लेबलावर सहा चमचे लिहिलेले होते. सहा चमच्यांत सव्वादोनशे उष्मांक; दोन चमच्यांत जेमतेम पाऊणशे. दोन चमचे घालायला आईनेच सांगितले होते. डब्याची किंमत तिने नातवाकडून वाचून घेतली होती आणि तो तीन महिने पुरवायचा, असे मनाशी ठरवले होते. हजारो रुग्णांना ‘चालेल’ म्हणणाऱ्या डॉक्टर मुलाने आईच्या पेल्यात एकदाही डोकावून पाहिले नव्हते.

वहिनींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अधिक लागली. ‘पूर्वी आई जेवायला बसल्या की मला शेजारी बसावं लागायचं. वरण वाढ, मीठ दे, असं चालायचं. बोलत बोलत अर्धी भाकरी जायची. आता पेला हातात देते नि कामाला लागते. त्या एकट्याच खिडकीपाशी बसून पितात. कधी अर्धा तसाच राहतो.’

आई आतून ऐकत होती. ती म्हणाली, ‘दुष्काळात सुकडी खाल्ली, ती घरात दाणा नव्हता म्हणून. आता घरात समदं हाय, अन् मला पुन्हा पीठच देता व्हय?’

आपल्यापैकी सत्तरी ओलांडलेल्यांना सुकडी आठवत असेल. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात ठिकठिकाणी दुष्काळी कामे निघाली. खडी फोडणाऱ्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना कामावर सुकडी वाटली जाई. औसा तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या रस्त्यावर आईने खडी फोडली आहे. मी तेव्हा तिच्या पाठीशी झोळीत होतो. त्या सुकडीने माणसे जगवली, हे विसरता येणार नाही. परंतु ती अन्न नसताना अन्नाची जागा घेत होती. मी मात्र शिजलेले अन्न घरात असताना, ते भरवायला वेळ नाही म्हणून, आईला तिथेच नेऊन बसवले होते. आणि वाचलेला वेळ तरी कोणाचा? माझा तर नव्हेच. मी रविवारी दोन तास जाणारा. वहिनींचा वाचला, पण तो त्यांच्या वाट्याला आला नाही, दुसऱ्या कामांनी खाल्ला.

मग आम्ही घडी बदलली. पेला बंद केला नाही. त्याची जागा बदलली. तो जेवणाऐवजी न देता जेवणांच्या मध्ये, सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला, पूर्ण मापाने आणि दुधातून दिला. कवळी नीट बसवून घेतली. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून दिली. एका जेवणाच्या वेळी पुतण्याने पुस्तक घेऊन आजीजवळ बसायचे, असे ठरले. दिवसातून दोनदा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे सुरू केले, कारण नुसत्या प्रथिनांनी स्नायू होत नाहीत. स्नायूंना काम दिले तरच ती कामी येतात. तीन महिन्यांनी वजन साडेत्रेचाळीस झाले आणि आई पुन्हा अंगणातल्या तुळशीपर्यंत एकटी जाऊ लागली.

व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांना प्रथिने किती लागतात, हेही सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण ठरवले आहे. ज्येष्ठांचे स्नायू झिजू नयेत म्हणून अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ते सत्तर ग्रॅम झाले. तीन ज्वारीच्या भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, पेलाभर दूध, वाटीभर दही, मूठभर फुटाणे आणि शेंगदाण्याची चटणी एवढ्यात पन्नास ग्रॅम होतात. दोन अंडी खाल्ली तर आणखी बारा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळा, असेच सांगितले आहे.

आणि वेळ खरोखरच नसेल तर? तर आपल्या घरातही पेल्यातले अन्न आहे. भाजलेले गहू आणि फुटाण्याची डाळ दळून केलेले सातूचे पीठ दोन-तीन आठवड्यांचे एकदम करून ठेवा. अर्धी वाटी पीठ पेलाभर दुधात कालवले की पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिने मिळतात. मधुमेहींनी गुळाऐवजी ताक आणि जिरे घ्यावे आणि पीठ मोजून घ्यावे, कारण त्यात पिष्टही आहे. यालाही पाचच मिनिटे लागतात.

याचा अर्थ डबा कायमचा वाईट, असा नव्हे. शस्त्रक्रियेनंतर, कर्करोगाच्या उपचारांत, दात काढलेले असताना किंवा अन्नावरची वासना पूर्ण गेलेली असताना तो मोठा आधार असतो, आणि मीही तो लिहून देतो. पाणी पिताना ठसका लागणाऱ्यांना मात्र पातळ पेला देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आणि सहा महिन्यांत वजन विसाव्या भागाने, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलोने, आपोआप घटले असेल, तर आधी कारण शोधा, डबा नंतर घ्या.

घरात ज्येष्ठांची सेवा करणाऱ्या भगिनींना आणि बंधूंना एक सांगणे आहे. तुमचा थकवा खरा आहे. एखाद्या दुपारी पेला देऊन तुम्ही तासभर पाठ टेकलीत, तर त्यात अपराध नाही. फक्त तो तास तुमचाच राहील असे पाहा, आणि दिवसातले एक जेवण कोणीतरी शेजारी बसून होईल अशी पाळी घरातल्या सर्वांत वाटून घ्या. लांब राहणाऱ्या मुलांनीही डबा पाठवताना ही पाळी कोण सांभाळणार, ते विचारावे.

येत्या पंधरवड्यात एवढे करा : घरातील ज्येष्ठांचे वजन घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेसमोर लिहून ठेवा. डबा असेल तर पेल्यात किती चमचे पडतात, ते स्वतः उभे राहून पाहा. हे मी सहा आठवडे उशिरा केले. आपण आजच करावे.