सतारमेकरांच्या गल्लीत

मुलांनो, तुम्ही कधी मिरजेला गेला आहात का? मिरज म्हटलं की मोठ्या माणसांना रेल्वेचं जंक्शन आठवतं, नाहीतर दवाखाने. मला मात्र आठवते तिथली सतारमेकर गल्ली!

मी तेव्हा तुमच्याएवढीच होते. २००४ सालची मे महिन्याची सुट्टी. आत्याकडे राहायला गेले होते, पण मनातून हिरमुसलेली. त्या वर्षी गॅदरिंगच्या समूहगीतात मला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून मी साधं गुणगुणणंसुद्धा सोडून दिलं होतं.

एके दिवशी बाजारातून येताना आत्याने मला त्या गल्लीत नेलं. दुकानांत भलेमोठे वाळके भोपळे टांगलेले! मला वाटलं, एवढी भाजी कोण खाणार? आत्या हसायलाच लागली. हे भोपळे पंढरपूरकडून येतात. ते पोकळ करून, त्यांना लाकडी दांडी जोडून सतारी आणि तंबोरे बनवतात. इथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम कमी झालं, तेव्हा त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यं बनवू लागले. तलवारी गेल्या, सतारी आल्या!

एका दुकानात एक म्हातारे चाचा तंबोरा लावत होते. तारेचा आवाज अगदी बद्द येत होता. मग त्यांनी घोडीवर, तारेखाली, एक साधा दोरा घातला आणि केसभर पुढे, केसभर मागे सरकवला. आणि काय सांगू! तीच तार अशी घुमायला लागली, की माझ्या अंगावर काटाच आला. याला जवारी म्हणतात.

"छेड बघू, बेटा," चाचा म्हणाले.

"नको. मी बेसूर आहे," मी पुटपुटले.

"बेसूर कोण नसतंय. अजून लावलेलं नसतंय, एवढंच!"

मी भीत भीत तार छेडली. सूर घुमला. माझ्या हातून!

संध्याकाळी आम्ही मिरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले, त्यांची कबर तिथे आहे. तिथेच मी आत्याला म्हटलं, "मला सतार शिकायचीय."

आत्याने एक जुनी सतार मिळवून दिली. दर रविवारी एसटीने मिरजेला क्लास. पहिले सहा महिने नुसती बोटं सोलून निघाली. मी काही मोठी कलावंत झाले नाही बरं का! पण आज माझ्या वर्गात कुणाचा सूर चुकला, तर मी त्याला ओठ हलवायला सांगत नाही. शेजारी बसवते, सतारीचा 'सा' देते आणि थांबते. कधी आठवडा लागतो, कधी वर्ष.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सुट्टीत आईबाबांबरोबर तिथे जरूर जा. आणि हो, कुणी 'तार छेड' म्हणालं, तर माझ्यासारखं 'नको' म्हणू नका!