शिखरजीची थंडी आणि वस्त्रांचे तीन पदर

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील पारसनाथ डोंगर, म्हणजेच आपले श्री सम्मेद शिखरजी, ही २४ पैकी २० तीर्थंकरांची निर्वाणभूमी. डोंगराची उंची सुमारे ४,४८० फूट. रेल्वेने पारसनाथ स्थानकावर उतरावे आणि मोटारीने पायथ्याच्या मधुबनला पोहोचावे, हा परिचित क्रम. नऊ किलोमीटर चढ, वर टोंकांची नऊ किलोमीटरची परिक्रमा आणि नऊ किलोमीटर उतार, अशी २७ किलोमीटरची वंदना एकाच दिवसात पूर्ण करण्याची परंपरा आहे.

आपल्याकडील बहुतेक संघ दिवाळीचा हंगाम आटोपल्यावरच निघतात. वहीपूजन झालेले असते, मुलांना नाताळची सुट्टी असते आणि भगवान पार्श्वनाथांचे जन्मकल्याणकही याच सुमारास येते. मात्र हाच काळ त्या डोंगरावरील कडाक्याच्या थंडीचा. मुंबई, पुणे, सांगली या गावांत राहणाऱ्या आपल्या कपाटात थंडीचे कपडे असतात तरी किती? मग यात्रेच्या आदल्या आठवड्यात एक जाडजूड जॅकेट खरेदी होते आणि ‘आता काळजी नाही’ असे आपण गृहीत धरतो. ही काळजी एका जाड कपड्याने मिटत नाही. त्याचे कारण वंदनेच्या क्रमातच आहे.

वंदना पहाटे तीन-साडेतीनला सुरू होते. मधुबनच्या धर्मशाळेतून बाहेर पडताना हुडहुडी भरलेली असते, म्हणून सगळे कपडे अंगावर चढवलेले असतात. अर्ध्या तासाच्या चढानंतर शरीर तापते. गंधर्व नाल्यापर्यंत जाता जाता पाठ घामाने भिजते. सीता नाला ओलांडून माथ्यावर येईपर्यंत आतला सुती सदरा ओलाचिंब झालेला असतो. आणि नेमके तेथेच चढ संपतो, चाल मंदावते, प्रत्येक टोंकापाशी थांबून वंदन करायचे असते आणि उघड्या माथ्यावरचा वारा अंगाला झोंबू लागतो. साधारणपणे हजार मीटर उंचीमागे हवा साडेसहा अंशांनी गार होते. वारा तीच थंडी अधिक बोचरी करतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून चढताना आलेला घाम माथ्यावर आपला शत्रू ठरतो.

यावरचा उपाय आपल्या आजीच्या गोधडीत आहे. जुन्या लुगड्यांचे पातळ थर एकावर एक ठेवून धावदोरा घातला की जी ऊब येते, ती केवळ कापडाची नसते. थरांच्या मध्ये अडकलेल्या स्थिर हवेची असते. अंगावरही तीन पदर असावेत. अंगालगतचा पहिला पदर घाम शोषून धरणारा नसावा. तो लवकर वाळणाऱ्या, विणलेल्या पॉलिस्टरचा असावा. सुती बंडी मुंबईच्या उकाड्यात उत्तम, शिखरजीच्या पहाटे नव्हे. दुसरा पदर ऊब साठवणारा, म्हणजे स्वेटर किंवा फ्लीसचे जाकीट. तिसरा पदर पातळ असला तरी चालेल, पण वारा अडवणारा हवा. कानटोपी, मफलर आणि हातमोजे यांना या तिन्हींइतकेच महत्त्व आहे.

खरे कौशल्य हे पदर वेळेवर काढण्या-घालण्यात आहे. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर ते योग्यच समजावे. घाम फुटण्यापूर्वी स्वेटर काढून झोळीत टाकावा आणि माथ्यावर पोहोचताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, पुन्हा घालावा. आतला एक कोरडा कपडा वेगळ्या पिशवीत असावा. जलमंदिरात पूजा करणाऱ्यांची शुद्ध वस्त्रेही अशीच कोरडी राहावीत. शेवटी पार्श्वनाथांच्या टोंकावरून उतरू लागेपर्यंत ऊन चढलेले असते आणि सारे कपडे पुन्हा झोळीत जातात.

आपल्या यात्रेच्या आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे रात्रिभोजनाचा त्याग. सूर्यास्तापूर्वी जेवण झालेले, नवकारशीपर्यंत मुखात काही नाही आणि अनेकांचा वंदना पूर्ण होईतो काहीही न घेण्याचा नियम. शरीराची ऊब अन्नातून येते. तो पुरवठा थांबलेला असताना राखणीचा भार वस्त्रांवरच पडतो. म्हणून आदल्या दिवशीचे जेवण भरपेट असावे आणि मधुमेहींनी नियम घेण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. दुसरी गोष्ट अनवाणी चालणे. तळपायांतून गारवा चढतो. ज्यांच्या नियमात बसते त्यांनी जाड कापडी मोजे घालावेत आणि एक कोरडा जोड जवळ ठेवावा.

वस्त्र कशाचे असावे, हा प्रश्न जैन घराला टाळता येत नाही. रेशमासाठी कोश उकळले जातात. महागड्या हिवाळी जॅकेटांत बदक-हंसांची पिसे भरलेली असतात. आतल्या पट्टीवर ‘डाउन’ असे लिहिलेले असते. त्याऐवजी पॉलिस्टरच्या तंतूंची भर असलेली जॅकेटे मिळतात आणि दमट हवेत ती अधिक उपयोगी पडतात, कारण भिजलेली पिसे बसतात आणि ऊब धरत नाहीत. लोकरीबाबत घरोघरी मते वेगळी आहेत. श्वेतांबर साधू-साध्वी कांबळी वापरतात, तर अनेक कुटुंबे लोकरही वर्ज्य मानतात. ज्यांना ती नको, त्यांच्यासाठी अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर आहेत. कृत्रिम धागा ठिणगीने वितळतो, म्हणून मधुबनच्या शेकोटीपासून अंतर ठेवावे.

पदरांचा हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. आचारांग सूत्रात तीन वस्त्रे बाळगणाऱ्या भिक्षूचे वर्णन आहे. हेमंत सरून ग्रीष्म आला की त्याने जीर्ण वस्त्रे क्रमाने सोडावीत, असे तेथे सांगितले आहे. दिगंबर मुनी तर याच थंडीत निर्वस्त्र चढतात. २२ परीषहांतील शीत परीषह ते समतेने सहन करतात. ती त्यांची दीर्घ साधना आहे. आपण गृहस्थांनी तयारीवाचून तिची नक्कल करणे म्हणजे तप नव्हे, निष्काळजीपणा होय.

याची खरी किंमत मोजतात ती घरातील वडीलधारी माणसे. उतारवयात थंडीची जाणीव कमी होते आणि शरीर ऊबही कमी निर्माण करते. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या आजींचा हात आपण स्वतः धरून पाहावा. थरथर, जड झालेली जीभ, अडखळणारी पावले किंवा गोंधळलेले उत्तर दिसले, तर वंदना तेथेच थांबवून त्यांना आडोशाला न्यावे, ओला कपडा बदलावा, शालीत गुंडाळावे आणि खाली उतरवून डॉक्टरांना दाखवावे. डोलीत बसलेल्यांना तर दोन पदर जास्तच हवेत. चालणाऱ्याचे अंग तापते, बसणाऱ्याचे गारठते.

आणि ती डोली ज्यांच्या खांद्यावर असते, त्यांच्याकडेही पाहावे. पहाटेच्या काळोखात पातळ सदऱ्यावर गमछा गुंडाळून ते डोंगर चढतात. माथ्यावर आपण टोंकापाशी वंदन करीत असतो, तेव्हा तेही घामेजल्या अंगाने त्याच वाऱ्यात उभे असतात. यात्रेची यादी करताना घरटी एक चांगला स्वेटर किंवा कानटोपी त्यांच्यासाठी धरावी आणि ती उतरल्यावर नव्हे, चढण्यापूर्वी द्यावी.