पार्वतीची खोली आणि आमची ओसरी

‘अशी ही बनवाबनवी’ मी पहिल्यांदा पाहिला तो वेळापुरात, गणपतीच्या मांडवात, भाड्याच्या व्हीसीआरवर. सिनेमा १९८८चा. आमच्यापर्यंत कॅसेट पोचेस्तोवर इतकी झिजली होती, की लक्ष्मीकांत बेर्डेच्या अंगावरून पांढऱ्या रेघा वरखाली पळायच्या. मांडव हसून लोळत होता. मला मात्र मूळ भानगडच कळेना. चार पोरांना राहायला जागा हवी, त्यासाठी दोघांनी बाईमाणूस का व्हायचं?

(आमच्या गावचं दैवतच अर्धनारी नटेश्वर. त्यामुळं सिनेमात लक्ष्मीकांतच्या परश्याची पार्वती झाली याचं तसं नवल नव्हतं.)

पण जागेसाठी खोटं बोलायचं? आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते. त्या रात्री आमच्या ओसरीवर, सोप्यात, पाऊस नसला तर माळवदावरही वारकरी पसरलेले असत. न्हाणीपुढं रांग, चुलीवर भाकरीमागून भाकरी, कुणाची तरी पडशी दुसऱ्याच्या उशाला, आणि पहाटे त्यावरून कुजबुजत भांडण. लग्न झालंय का, किती जण आहात, असलं काही आजीनं कुणाला विचारलं नाही. नावं तिला ठाऊक नसत. चहा बिनसाखरेचा कुणाला लागतो, ते मात्र पाठ.

पुढं पुण्यात कॉट बेसिसवर राहिलो आणि सिनेमा उलगडला. जिथं जावं तिथं पहिला प्रश्न, फॅमिली आहे का? मित्रांच्या रात्रीच्या धिंगाण्यानंतर भाडेकरू मानेला घराबाहेर काढणारा सुधीर जोशींचा सरपोतदार आणि जोडप्यालाच जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोर मला तेव्हा गल्लोगल्ली भेटल्या. आमच्या खोलीत पाच जण, बादली एक. घरमालकाच्या हिशेबी तिघंच. उरलेले दोघं कायमचे ‘आजच आलेत गावाकडनं’.

कथेचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’मध्ये. पण मराठीत तिला बोलतं केलं वसंत सबनीसांनी. सबनीसांचा जन्म सोलापूरचा, शाळा पंढरपूरची. माझा आपला एक हट्टी समज आहे, की वारी दारावरून जाताना पाहिलेल्या माणसालाच घरमालकांच्या अटी इतक्या विनोदी दिसू शकतात. पुरावा काही नाही.

सध्या भाचा हिंजवडीत फ्लॅट शोधतोय. सोसायट्या बॅचलरना दारात उभं करत नाहीत. परवा फोनवर त्याला म्हटलं, “एकदा ‘बनवाबनवी’ बघून घे.”

“मामा, तो पाठाय मला,” तो म्हणाला. “डिपॉझिटचं काय ते बोला.”