दिग्रसहून समुद्रात

दिवस पहिला : दिग्रस–पुणे

रात्रीचे सव्वाअकरा. ट्रॅव्हल्स आठची होती, पावणेदहाला आली. खालचा बर्थ सांगितला होता, वरचा दिला. चार्जिंगचं भोक आहे, पण त्यात करंट नाही. घोंगडीला कुणाच्या तरी तेलाचा वास.

तिकिटं दोघांची 2400. पाण्याची बाटली 20, कारण घरून भरलेल्या दोन बाटल्या ओट्यावरच राहिल्या.

ऐन वेचणीत निघालो म्हणून घरी सगळ्यांची तोंडं वाकडी. यांचं एकच पालुपद : कापूस शेतात सोडून समुद्र पाहायला कोण जातं? बावीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवते आहे. सिलेंटराटा संघ, दंशपेशी, उदाहरणे लिहा. यंदा मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, प्रवाळ तुमी पायलं का?" मी म्हटलं, चित्रात. सगळा वर्ग हसला. दिग्रसच्या पोरांनी आणि त्यांच्या मॅडमनी मिळून पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे अरुणावतीचं धरण.

कंबर आत्ताच बोलायला लागली आहे.

दिवस दुसरा : पुणे

गाडी अडीच तास उशिरा. रिक्षा 180. पुतणीकडे आंघोळ, जेवण, झोप. स्वारगेटला जाऊन उद्याच्या एसटीची चौकशी, रिक्षा 140 (तेच अंतर). कंबरेला बाम 45. चहा दोन, 30.

लिहिण्यासारखं काही नाही.

दिवस तिसरा : पुणे–मालवण

एसटीत माझं तिकीट अर्धं. यांचं पूर्ण, त्यामुळे कऱ्हाडपर्यंत बोलले नाहीत. कोल्हापूरला पाऊण तास थांबा. गाडीत काहीतरी बिघडलं होतं, काय ते कुणी सांगितलं नाही. राधानगरीनंतर जंगल सुरू झालं आणि हे खिडकीला चिकटले. फोंडा घाटात मागच्या सीटवरचं पोर ओकलं, निम्मं माझ्या पिशवीवर.

मालवणात उतरलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्र दिसला नाही, नुसता आवाज. आधी वाटलं, जवळपास जिनिंग चालू आहे.

खोली 1200. चार्जिंगचं भोक पलंगापासून आठ फुटांवर.

दिवस चौथा : मालवण

डायव्हिंग रद्द. वारा आहे आणि पाणी गढूळ आहे म्हणे. उद्या नक्की. "नक्की" हा शब्द इकडेही आपल्याकडच्यासारखाच वापरतात.

दुपारी खाणावळीत मला सुरमईची थाळी, 350. यांच्या गळ्यात माळ, म्हणून वरणभात, बटाट्याची भाजी आणि सोलकढी. सोलकढीचे पाच पेले झाले. पाचव्यानंतर वाढणाऱ्या बाईंनी तांब्याच आणून ठेवला. सुरमईबद्दल मी काही लिहीत नाही, उद्या पाण्यात तिच्या नातेवाइकांना भेटायचं आहे. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीबद्दल मात्र लिहिते. तिरफळ दाताखाली आलं तेव्हा जीभ एकदम बधिर झाली. बाई म्हणाल्या, ते खायचं नसतं, वासापुरतं असतं. आधी सांगायचं ना.

संध्याकाळी धक्क्यावरून सिंधुदुर्ग पाहिला. 1664 साली पाया घातलेला किल्ला अजून लाटा खातो आहे. आमच्या गल्लीतली नाली तीन वर्षांत दोनदा बांधली.

दिवस पाचवा : पाण्याखाली

आज सविस्तर लिहिते, हात दुखत असला तरी.

साडेसातला जेटीवर. आधी फॉर्म भरायचा : दमा? रक्तदाब? कानाचं ऑपरेशन? यांनी रक्तदाबापुढे खरं ते लिहिलं आणि सुटले. असं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. बोटीत सांगलीकडचे सहाजण, आम्ही दोघं, नाखवा आणि पाण्यात नेणारी दोन पोरं. माझ्या वाट्याला आलेला मुलगा असेल बावीस-तेवीसचा. त्यानं खुणा शिकवल्या. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल. अंगठा वर करायचा नाही, अंगठा म्हणजे मला वर घ्या. कान दुखला तर नाक चिमटीत धरून हवा ढकलायची.

किल्ल्याच्या मागे नांगर टाकला. खाली काय आहे, म्हणून विचारलं. "दगड," नाखवा म्हणाला.

कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर सिलिंडर, तोंडात रबर. दोन हात खाली गेल्यावर त्यानं खुणेनं विचारलं, ठीक? मी बावीस वर्षांच्या सवयीनं अंगठा दाखवला. वर आणलं. सांगलीकर हसले. पुन्हा खाली.

जाहिरातीत पाणी निळं असतं. इथे हिरवट, धूसर, दहा-बारा फुटांपलीकडे काही दिसत नाही. आवाज फक्त स्वतःच्या श्वासाचा. मग तळ दिसला आणि वाटलं, कुणीतरी गोवऱ्या थापून ठेवल्यात. तसाच रंग, तसेच गोल. लालगुलाबी झाडं शोधत होते मी! तोंड अगदी जवळ नेल्यावर त्या गोवरीवर चाळणीसारखी बारीक भोकं दिसली. प्रत्येक भोकात एकेक जीव. हे पोराईट्स प्रवाळ असणार. असला गोळा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. बाजूला कोबीच्या पानांसारखं दुमडत गेलेलं दुसरं प्रवाळ. त्याची एक कड तुटलेली, ताजी, आतून खडूसारखी पांढरी. वर पाहिलं तर आमचा दोर तिरका खाली येत होता. नांगर त्याच बाजूला होता. त्यानंच तुटलं असं शपथेवर सांगणार नाही.

मुलानं खिशातून बिस्किटांचा पुडा काढून चुरा सोडला. काळ्या पट्ट्यांच्या पिवळट माशांनी आम्हाला घेरलं, पंगतीत बुंदी आल्यासारखं. दुसऱ्या पोरानं कॅमेरा धरला. इतक्यात वरून एक लाट आली असावी. मी आडवी ढकलली गेले आणि जे हाताला लागलं ते धरलं. गोवरीच. वरून बुळबुळीत, आत कानशीसारखी. मुलानं माझं मनगट धरून बोटं एकेक करून सोडवली, वहिनीच्या पदरातून लहान मुलाची सोडवावीत तशी.

बोटीत तो म्हणाला, "ताई, प्रवाळाला हात लावायचा नसतो. गुन्हा आहे." खरं बोलला. 2001 पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आमच्या टिपेश्वरच्या वाघाच्या शेजारी. वाघाच्या पाठीला धरून मी तोल सावरला असता का? मी विचारलं, "आणि बिस्किट?" तो हसला. "बिस्किट नाही तर मासे नाहीत. मासे नाहीत तर व्हिडिओ नाही. व्हिडिओ नाही तर तुम्ही पैसे कशाचे देणार?" यावर मला उत्तर सुचलं नाही. व्हिडिओ मी घेतलाच. त्यात मी छान दिसते, चुरा दिसत नाही.

हे तेवढ्या वेळात बोटीत तीनदा ओकले. पाण्यात न जाता.

डायव्हिंग 1500, व्हिडिओसह. तळहातावर चार ओरखडे, चुरचुरतायत. दंशपेशी! गृहपाठ तपासणाऱ्या हाताला प्रात्यक्षिक.

झोप येईना म्हणून आणखी एक. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारं शैवाल बाहेर टाकतं. अन्न तेच पुरवत असतं, रंगही त्याचाच, म्हणून पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभर चौथ्यांदा अशी लाट आल्याचं जाहीर केलं. मी हे फळ्यावर लिहून दिलं होतं, परीक्षेत दोन मार्कांना येतं म्हणून. आणि आपल्या जिल्ह्यातच वणीकडे जो चुनखडक काढतात, तोही कुठल्या तरी प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला. म्हणजे समुद्र आपल्याकडे आधी येऊन गेला. आपणच उशिरा निघालो.

दिवस सहावा : रापण

पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत होते. मोठं जाळं होडीनं अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी खेचायचे. हे बघता बघता दोराला लागले. गळ्यात माळ, हातात रापणीचा दोर. ओढत होते सगळ्यांत जोरात, बैलगाडी चिखलातून काढावी तसे. मीही लागले, डाव्या हातानं.

माझ्या पुढे एक सत्तरीचे आजोबा. "खयसून इलात?" म्हटलं, दिग्रस, यवतमाळ जिल्हा. त्यांनी मान वळवून पाहिलं. "थंय शेतकरी जीव देतत ना?" दिग्रस म्हटल्यावर कुणी संत्रं विचारतं, कुणी उन्हाळा. त्यांनी सरळ हेच विचारलं. मी हो म्हटलं. मग बराच वेळ दोघं नुसते दोर ओढत राहिलो.

जाळं वर आलं. टोपलीभर बांगडे, थोडी तारली, तीन जेलीफिश आणि शाम्पूच्या पुड्या. आजोबांच्या मते मासा संपवला तो पर्ससीन जाळीवाल्यांनी आणि एलईडीवाल्यांनी. दिवे लावून मासेमारीला 2017 पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात "गाव वसलोसो दिसता". इथल्या सागरी अभयारण्याचं नाव काढलं तर चिडले. 1987 साली ते जाहीर झालं तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही, हा राग अजून ताजा. मला वाटलं, हे काही आपल्या बाजूचे नाहीत. मग त्यांनीच कासवाचं सांगितलं. जाळ्यात मोठं कासव अडकलं, त्यांनी जाळं कापून सोडलं. अशा कापलेल्या जाळ्याला सरकार 2018 पासून 25 हजारांपर्यंत भरपाई देतं, पण फोटो लागतो. "जाळा कापलंय. फोटो काढूचो रवलो." कासव तडफडत असताना मोबाइल कोण शोधणार? नवं जाळं उधारीवर घेतलं.

निघताना दोर ओढल्याचा वाटा म्हणून त्यांनी आम्हाला चार बांगडे दिले. यांनी दोन्ही हातांत प्रसादासारखे धरून खोलीपर्यंत आणले. घरमालकीणबाईंनी तळून दिले, पैसे घेतले नाहीत. चारही मी खाल्ले.

दिवस सातवा

एसटी. घाट. पुणे. ट्रॅव्हल्स. हात सुजला आहे, औषध 110.

दिवस आठवा : दिग्रस

सकाळी नऊला उतरलो. एकूण खर्च 14,260, त्यात चहा धरलेला नाही.

स्टँडवरच शेजारच्या ताई भेटल्या, वेचणीला निघालेल्या, कमरेला ओटी बांधलेली. माझा हात धरून उलटसुलट पाहिला. बोंडाच्या टोकांनी त्यांच्या बोटांवर तसेच ओरखडे.

"मॅडम, तुमीबी येचाले गेल्त्या काय?"