वीस प्रश्न

सौदागर म्हणजे व्यापारी. ज्या गावाच्या नावातच व्यापार आहे, त्या पिंपळे सौदागरात राहून नफातोट्याची भीती वाटू नये. पण सौदा आणि सट्टा यांतील अंतर किती थोडे आहे, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये जाणवले. पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकाने मोबाइलवर क्रिकेटचा संघ रचून दीड कोटी रुपये जिंकले आणि काही दिवसांतच ते निलंबित झाले. आमच्या सोसायटीत आठवडाभर चर्चा चालली ती दीड कोटींची. त्याच खेळात हरलेल्यांविषयी कुणी बोलले नाही. जिंकणाऱ्याचे छायाचित्र छापून येते. हरणारा आपला तोटा घरातही सांगत नाही.

'मी काही जुगारी नाही,' असे म्हणणे सोपे असते. परंतु नाताळच्या मेळाव्यात मी हौजीची तिकिटे घेतो, दिवाळीत शेजाऱ्यांकडे रमीला बसतो आणि राज्य लॉटरीचे तिकीटही क्वचित माझ्या खिशात असते. (ती लॉटरी तर खुद्द शासनानेच १९६९ साली सुरू केली!) नशिबाचे खेळ मुळातच अन्यायकारक नव्हेत, असे आपला धर्मशिक्षणग्रंथही मानतो, मात्र स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊ लागला की ते अनुचित ठरतात आणि त्यांचा नाद माणसाला गुलाम करू शकतो, असेही तो बजावतो. मग रेघ नेमकी कुठे ओढायची?

जुगाराच्या पाशातून सुटू पाहणाऱ्यांनी १९५७ साली लॉस एंजेलिसला 'गॅम्बलर्स ॲनॉनिमस' ही संघटना उभारली. तिची वीस प्रश्नांची यादी आहे. बहुतेक व्यसनी माणसांची किमान सात उत्तरे 'होय' येतात, असे ती सांगते. किती रुपये हरता, हा प्रश्न त्या यादीत नाही, याचे मला नवल वाटले. हिंजवडीच्या अभियंत्याचे हजार आणि चाकणच्या कंत्राटी कामगाराचे हजार ती एकाच मापाने मोजत नाही; ती मनाची ओढ मोजते. जुगारामुळे कामाचा वेळ बुडतो का? उसने पैसे घेता का? हरलेले परत मिळवायला लगेच धावता का? मी 'नाही' लिहीत गेलो. 'जिंकल्यावर आणखी जिंकावेसे वाटते का?' येथे मात्र लेखणी थबकली. 'होय' लिहिले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. पूर्वी मटक्याचा आकडा लावायला नाक्यावर जावे लागे, चार माणसे पाहत. मोबाइलने तेवढाही आडपडदा ठेवला नव्हता. तेव्हा बंदी योग्यच. पण पत्त्यांचा जोड कुठल्या कायद्याने कपाटातून काढून न्यायचा?

स्वतःची परीक्षा स्वतःच तपासणे मला पटेना, म्हणून ती यादी पत्नीकडे दिली आणि माझ्या वतीने उत्तरे लिहायला सांगितली. तिने दोन 'होय' लिहिले. दुसरे होते भांडण किंवा निराशा झाल्यावर खेळावेसे वाटण्याबद्दलचे. "कारखान्यातून चिडून आलात, की त्या संध्याकाळी पत्ते निघतात," ती म्हणाली. हे माझ्या कधी ध्यानातही आले नव्हते. दोन्ही कागद तिने एकत्र टाचून ठेवले आहेत. पुढच्या उपवासकाळात पुन्हा भरायचे ठरले आहे.